शेअर विकला तर पैसे दुसऱ्या दिवशी, माल विकला तर चार महिन्यांनी. खेळतं भांडवल कुठून आणता?

लेथवाला

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय कारण या महिन्यात एक निर्णय घ्यायचाय आणि डोकं चालेनासं झालंय.

भोसरी एमआयडीसीत आमचं मशिनिंगचं वर्कशॉप आहे. चार व्हीएमसी आणि दोन सीएनसी मशीन, चौदा माणसं. वर्षाची उलाढाल ३ कोटीच्या आसपास. सत्तर टक्के काम चाकणच्या एकाच मोठ्या पार्टीचं. पीओवर (खरेदी ऑर्डरवर) पेमेंट ४५ दिवस लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात पैसे येतात ११०-१२० दिवसांनी. तोपर्यंत मटेरियल, पगार, लाईट बिल, शिवाय बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेला जीएसटी भरायचा, तोही न आलेल्या पैशांवर.

बँकेत ६० लाखांची सीसी (कॅश क्रेडिट) आहे, ती कायम टोकाला टेकलेली. आता बँक म्हणते ९० करून देतो पण आईच्या नावावरचा बिबवेवाडीचा फ्लॅट तारण द्या. आई लगेच हो म्हणाली, त्यामुळेच मला जास्त त्रास होतोय.

गेल्या आठवड्यात पगाराला कमी पडले म्हणून बायकोने तिचे थोडे शेअर विकले. सोमवारी विकले, मंगळवारी पैसे जमा! मी बघतच राहिलो. कागदाचा व्यवहार एका दिवसात पुरा आणि आम्ही लोखंड कापून दिलेल्या मालाचे पैसे चार महिने नाहीत. दर महिन्याला हजारो कोटी एसआयपीतून बाजारात येतात म्हणे, मग तो पैसा आमच्यासारख्यांकडे का येत नाही?

फ्लॅट द्यावा का? ट्रेड्सबद्दल, म्हणजे बिल ऑनलाईन चढवून मुदतीआधी पैसे मिळतात त्याबद्दल, ऐकलंय, कोणी वापरलंय का?

हिरवी मिरची

फ्लॅट देऊ नका. आधी एवढंच लिहिते, बाकीचं जाणकार सांगतील.

मार्केटयार्ड

+१. आमच्याकडे गुळाचा आणि हळदीचा व्यवहार, उधारीवरच चालतो सगळा. पण आमची उधारी तोंडओळखीवर असते, पार्टी चुकली तर गाळ्यावर जाऊन बसता येतं. कंपनीच्या गेटवर कोण बसणार, सिक्युरिटीवाला आत सोडत नाही.

पासबुक

लेथवाला, मी ३४ वर्षं बँकेत होतो, त्यातली बरीचशी लघुउद्योगांच्या कर्जात गेली. तुमच्या ६० लाखांचं गणित सांगतो, म्हणजे बँक अशी का वागते ते कळेल.

नव्वदच्या दशकात नायक समितीने ठरवून दिलं की छोट्या उद्योगाला अंदाजित उलाढालीच्या २० टक्के खेळतं भांडवल द्यावं. तुमचे ३ कोटी, त्याचे २० टक्के म्हणजे बरोब्बर ६० लाख. यामागचं गृहीतक असं की उलाढालीच्या पाव भाग, म्हणजे तीन महिन्यांचं चक्र, भांडवल लागतं, त्यातले ५ टक्के तुमचे आणि २० टक्के बँकेचे. तुमचं चक्र नुसती येणी वसूल होण्यातच चार महिन्यांचं झालंय. म्हणजे त्या सूत्रात तुम्ही बसतच नाही, आणि ते तुमच्या चुकीने नाही.

दुसरी गोष्ट अजून वाईट. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे माल आणि येण्यांचा तक्ता, देता ना? बहुतेक बँकांत ९० दिवसांपेक्षा जुनी येणी डीपीत, म्हणजे ड्रॉइंग पॉवरमध्ये (लिमिटपैकी प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम), धरत नाहीत. म्हणजे पार्टीने पैसे उशिरा दिले की एकीकडे रोकड अडकते आणि दुसरीकडे त्याच कारणाने तुमचं ड्रॉइंग पॉवरही घटतं. मार एकच पण दोनदा बसतो. मी किती जणांना हे टेबलापलीकडून समजावलंय आणि दर वेळी समोरच्याचा चेहरा बघवत नसे.

तारणाचं म्हणाल तर बँकेला सरळ विचारा, सीजीटीएमएसईमध्ये का बसवत नाही? २००० साली सुरू झालेली, विनातारण कर्जासाठीची गॅरंटी योजना आहे, मर्यादा २०२३ मध्ये २ कोटींवरून ५ कोटी आणि एप्रिल २०२५ पासून १० कोटी झाली. गॅरंटी फी दर वर्षी भरावी लागते पण घर सुटतं. शाखेत टाळाटाळ करतात कारण फ्लॅट घेणं त्यांना सोपं. लेखी अर्ज द्या आणि नकार आला तर तोही लेखी मागा.

लेथवाला

काका, ९० दिवसांचं कोणी कधी नीट सांगितलंच नव्हतं. आमचा सीए नुसतं म्हणायचा डीपी कमी पडतोय, आणि मला वाटायचं स्टॉकच कमी दाखवला जातोय. आजच मागच्या सहा महिन्यांची स्टेटमेंट काढून बघतो.

ऑप्शनचेन

वेगळं मत मांडतो, राग मानू नका. तीन कोटी उलाढालीवर हातात राहतात किती, आठ-दहा टक्के? एवढा जीव जाळून. मशीन आणि गाळा विकून पैसे बाजारात लावा, वर थोडं ऑप्शन सेलिंग करा. मी नोकरी सोडून तेच करतोय, दोन वर्षं झाली.

ताळेबंद

@ऑप्शनचेन, मी सीए आहे, माझ्याकडे रिटर्न भरायला येणाऱ्यांत एफअँडओवाले (फ्युचर्स-ऑप्शनवाले) दर वर्षी वाढताहेत म्हणून लिहिते. तुमचं चांगलं चाललं असेल तर आनंद आहे पण हा सल्ला चौदा पगार देणाऱ्या माणसाला देऊ नका. सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला, तीन वर्षांत एफअँडओ करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, एकत्रित तोटा १.८ लाख कोटींच्या वर. नंतर नियम कडक केले, कॉन्ट्रॅक्टचा आकार १५ लाखांवर नेला, आठवड्याच्या एक्स्पायऱ्या कमी केल्या, तरी २०२४-२५ मध्ये ९१ टक्के तोट्यातच.

आणि तो पैसा जातो कुठे तेही त्याच अहवालात आहे. २०२३-२४ मध्ये प्रोप्रायटरी डेस्क (स्वतःच्या पैशांवर ट्रेडिंग करणाऱ्या कंपन्या) आणि परदेशी संस्था नफ्यात, आणि त्यांच्या नफ्यातला ९५ टक्क्यांहून जास्त भाग अल्गोने, म्हणजे कॉम्प्युटर प्रोग्रॅमने, कमावलेला. समोर यंत्र बसलंय आणि आपण मोबाईलवर बोट फिरवतोय. माझ्या एका क्लायंटचा ऑपरेटर जेवणाच्या सुट्टीत ऑप्शन घ्यायचा, त्याने मुलीच्या लग्नाचे पैसे घालवले. त्या माणसाचा फॉर्म भरताना माझा हात थरथरला होता.

ऑप्शनचेन

आकडे माहीत आहेत ताई. मी सेलिंग करतो, बाईंग नाही. पण चौदा माणसांचा मुद्दा मान्य, तो माझ्या लक्षात आला नव्हता.

सदाशिवपेठी

थोडं अवांतर. सेटलमेंटचा विषय निघाला म्हणून आठवलं. पुण्याला स्वतःचं स्टॉक एक्स्चेंज होतं हे इथल्या तरुण मंडळींना माहीत आहे का? १९८२ चं, कुमठेकर रस्त्यावर. मी कॉलेजात असताना वडिलांबरोबर तिकडे जायचो. तेव्हा शेअर विकले की सर्टिफिकेट आणि ट्रान्सफर डीड द्यायचं, सही जुळली नाही की परत, आणि पैसे यायला आठवडेच्या आठवडे जायचे. वडील त्या कागदांना कापडी पिशवीत घालून, पिशवी छातीशी धरून न्यायचे. ते चित्र अजून डोळ्यासमोर आहे. पुढे राष्ट्रीय एक्स्चेंज आली, सगळं स्क्रीनवर गेलं आणि २०१५ मध्ये सेबीने पुण्याच्या एक्स्चेंजला बाहेर पडायची परवानगी दिली.

म्हणजे कागदी शेअरलाही एके काळी तुमच्या बिलासारखाच वेळ लागायचा. मग एवढा वेग आला कसा?

खराडी ते कर्वेनगर

याचं उत्तर मी देऊ शकते, कारण माझं रोजचं कामच ते आहे. एका परदेशी बँकेच्या इथल्या ऑफिसात कस्टडी ऑपरेशन्समध्ये आहे, म्हणजे मोठ्या परदेशी फंडांनी इथे घेतले-विकलेले शेअर आणि पैसे वेळेत पोचतात की नाही ते बघणं.

वेग आला कारण मधे क्लिअरिंग कॉर्पोरेशन उभी असते. विकणाऱ्याला घेणाऱ्याच्या मर्जीवर राहावं लागत नाही, घेणाऱ्याने पैसे दिले नाहीत तरी विकणाऱ्याला मिळतातच, आणि चुकणाऱ्याला लगेच दंड. आपल्याकडे २७ जानेवारी २०२३ पासून सगळेच शेअर टी प्लस वन झाले, म्हणजे व्यवहार पुढच्या कामाच्या दिवशी पुरा. अमेरिका मे २०२४ मध्ये आली, आपल्यानंतर. सुरुवातीला परदेशी फंडांनी खूप कुरकुर केली होती, वेळेचा फरक, डॉलर बदलायचे, पण नियम म्हटल्यावर सगळे रांगेत आले. आमच्या टीमच्या शिफ्ट बदलल्या, माझी रात्रीची झोप गेली, पण झालं.

आता लेथवालांचा दुसरा प्रश्न, एसआयपीचा पैसा. खरंच प्रचंड आहे. २०१६-१७ ला महिन्याला तीन-चार हजार कोटी यायचे, ऑक्टोबर २०२४ मध्ये २५ हजार कोटींच्या वर गेले. त्याच महिन्यात परदेशी संस्थांनी ९० हजार कोटींच्या वर शेअर विकले आणि समोर देशी संस्थांनी त्याहून जास्त घेतले. बाजार खाली आला पण पूर्वी अशा विक्रीत जसा कोलमडायचा तसा कोलमडला नाही. मार्च २०२५ अखेर एनएसईवरच्या कंपन्यांत देशी संस्थांचा वाटा पहिल्यांदाच परदेशी संस्थांच्या पुढे गेला. त्यात म्युच्युअल फंड आहेत, विमा कंपन्या आहेत, पीएफचा पैसाही २०१५ पासून ईटीएफमधून येतोय, म्हणजे तुमच्या माणसांचा पीएफ कापला जात असेल तर त्यांचाही त्यात हिस्सा असणार.

पण हा पैसा तुमच्या गाळ्यात येऊ शकत नाही कारण फंडाला लिस्टेड शेअर लागतो किंवा रेटिंग असलेला कागद. मोठी कंपनी कमर्शियल पेपर (थोड्या मुदतीच्या कर्जाचा कागद) काढते आणि तो फंड घेतात, तिला स्वस्तात पैसे मिळतात. तिच्या व्हेंडरला मात्र तोच पैसा एनबीएफसीमार्गे (बँक नसलेल्या कर्ज कंपन्यांमार्गे) फिरून येतो, तोपर्यंत त्याचा दर अठरा-वीस टक्के झालेला असतो.

लेथवाला

खराडीताई, हे दोनदा वाचलं. म्हणजे माझ्या पार्टीला स्वस्तात पैसे मिळतात आणि तरी ती माझे बिनव्याजी वापरते. मला एनबीएफसीचा फोन रोज येतो, एकोणीस टक्के म्हणाला होता.

परचेसवाला

दुसरी बाजू मांडतो. मी एका मोठ्या कंपनीत परचेसमध्ये आहे. तुम्हाला वाटतं आम्ही मुद्दाम पैसे दाबतो. अर्ध्या वेळा कारण साधं असतं, जीआरएन (माल मिळाल्याची स्टोअरची नोंद) झालेलं नसतं, क्वालिटीने लॉट होल्डवर ठेवलेला असतो, बिलावर पीओची जुनी अमेंडमेंट असते, आणि ते बिल सिस्टीममध्ये पार्क होऊन पडतं. व्हेंडर फोन करतो अकाउंट्सला, त्यांना काही माहीत नसतं. दर सोमवारी स्टोअरला जाऊन जीआरएन नंबर घेणारे जे व्हेंडर आहेत त्यांचे पैसे वेळेवर जातात हे मी डोळ्यांनी बघितलंय.

झिंक प्लेटिंग

परचेसवाला साहेब, अर्ध्या वेळा ते कारण असेल. उरलेल्या अर्ध्या वेळांचं काय? क्वार्टर एंडला तुमच्या फायनान्सकडून सगळ्यांचंच पेमेंट पुढच्या महिन्यात ढकलतात तेव्हा जीआरएन कुठे आडवा येतो?

आणि लेथवाला, एक विचारतो, मनाला लावून घेऊ नका. तुमचे पार्ट प्लेटिंगला बाहेर जात असतील. त्या माणसाला तुम्ही किती दिवसांनी देता? आमचं तळवड्याला छोटं शेड आहे, सहा माणसं. आमच्या वर तुम्ही, तुमच्या वर चाकण. आम्हाला सीसी पण नाही.

लेथवाला

खरं सांगतो. ७५-८० दिवस. कधी ९० पण.

परचेसवाला

@झिंक प्लेटिंग, क्वार्टर एंडचं खरं आहे. नाकारत नाही.

ताळेबंद

झिंक प्लेटिंग यांनी फार योग्य जागी बोट ठेवलंय. आता कायदा बघा.

२००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज. पण व्याज मागायला कोण जातं, ऑर्डर जाईल ही भीती. म्हणून आयकरात ४३ बी एच आणलं, २०२३-२४ या वर्षापासून लागू. मुदतीत पैसे दिले नाहीत आणि वर्षअखेर ते बाकी राहिले तर तो खर्च त्या वर्षी वजावटीला मिळत नाही, प्रत्यक्ष द्याल त्या वर्षी मिळतो. मार्च २०२४ मध्ये माझ्या ऑफिसला जी धावपळ होती, वर्षानुवर्षं न हललेली बिलं हलली.

पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, हे फक्त सूक्ष्म आणि लघु उत्पादक-सेवा उद्योगांना, मध्यमला नाही. दोन, व्यापाऱ्यांना नाही, म्हणजे मार्केटयार्ड तुम्ही यात येत नाही. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) मिळते पण ती प्राधान्य क्षेत्र कर्जापुरती. आणि तीन, लेथवाला, हे तुम्हालाही लागू आहे. प्लेटिंगवाल्याची उद्यम नोंदणी असेल तर ३१ मार्चला मुदत उलटून गेलेली त्याची बाकी तुमच्या उत्पन्नात धरली जाईल.

मार्केटयार्ड

ताई, आमच्यावर अन्यायच आहे हा. उधारी आम्हाला पण कमी नाही.

झिंक प्लेटिंग

माझ्या एका पार्टीने तर मला सांगितलं होतं उद्यम रद्द कर नाहीतर काम दुसरीकडे देतो. मी नाही केली. काम गेलं. सहा महिन्यांनी परत आले, कारण दुसऱ्याकडे जाडी नीट येत नव्हती.

पासबुक

शाब्बास.

यावरून एक जुनी गोष्ट. मराठा चेंबर, म्हणजे इथल्या उद्योजक-व्यापाऱ्यांची संघटना, १९३४ चं आणि बँक ऑफ महाराष्ट्र १९३५ ला नोंदलेली, प्रा. वि. गो. काळे आणि धों. कृ. साठे यांनी उभी केलेली. एका वर्षाच्या अंतराने पुण्यात दोन्ही झालं, कारण इथल्या छोट्या कारखानदाराला कोणी दारात उभं करत नव्हतं. मी नोकरीला लागलो तेव्हा आमचे साहेब आठवड्यातून एक दिवस एमआयडीसीत फिरायचे, मशीन चालू आहे का, पत्रा कुठे रचलाय, कामगार किती, हे बघून लिमिटचं ठरायचं. आता शाखेतल्या पोरांना विमा आणि फंड विकायचं टार्गेट, ती फिरणार कधी? पोरांचा दोष नाही. पण त्यामुळे जीएसटी रिटर्न आणि सिबिलचा आकडा एवढंच बँकेला दिसतं.

हिरवी मिरची

काका, माझ्या भावाच्या बेकरीला त्याच जीएसटी रिटर्नवर तीन दिवसांत ओडी (ओव्हरड्राफ्ट) मिळाली, कोणी बघायला आलं नाही. पूर्वीच्या साहेबांनी त्याला ओळखीशिवाय आत घेतलं असतं का? मला नाही वाटत.

पासबुक

हा मुद्दा बरोबर आहे तुमचा. आमच्या वेळी ओळख लागायचीच.

खराडी ते कर्वेनगर

मूळ प्रश्नावर येऊया का? ट्रेड्स कोणी वापरलंय हे लेथवालांनी विचारलं होतं आणि वीस प्रतिसादांत कोणी उत्तर दिलेलं नाही.

व्हीएमसी ते व्हीटीएल

उशिरा धागा बघितला. मी वापरतो, दीड वर्षापासून, म्हणून सविस्तर.

रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणारे प्लॅटफॉर्म आहेत, आरएक्सआयएल, एमवनएक्सचेंज, इनव्हॉइसमार्ट हे जुने तीन. तुम्ही बिल चढवता, पार्टी ते ऑनलाईन मान्य करते, मग बँका आणि फॅक्टरिंग कंपन्या (बिलं विकत घेणाऱ्या) त्यावर दराची बोली लावतात. सगळ्यात कमी दर तुम्ही स्वीकारला की एक-दोन दिवसांत पैसे. मुदत संपली की पार्टीच्या खात्यातून नॅचने, म्हणजे आपोआप, वसुली. महत्त्वाचं म्हणजे पार्टीने बुडवलं तरी बँक तुमच्या मागे येत नाही. दर ठरतो पार्टीच्या रेटिंगवर, तुमच्या सिबिलवर नाही, कारण कर्ज खऱ्या अर्थाने तिची पत बघून दिलेलं असतं. खराडीताईंनी सांगितलेला जो स्वस्त पैसा मोठ्यांना मिळतो तो आपल्यापर्यंत यायला हीच एक सरळ वाट मला दिसली.

माझा अनुभव, सीसी साडेदहाला पडते आणि बिलं आठच्या आसपास सुटतात. १० लाखांचं बिल ९० दिवसांसाठी सोडलं तर वीस हजारांच्या आत व्याज.

आता अडचणी. पार्टीने बिल मान्य केलं नाही तर पुढे काहीच होत नाही. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना मार्च २०२५ अखेरपर्यंत नोंदणी सक्तीची केलीय, आधी ५०० कोटी होती मर्यादा. पण नोंदणी सक्तीची, बिल मान्य करणं नाही. म्हणून नोंदणी करून नुसते बसलेले बरेच आहेत. आणि परचेसवाला म्हणतात ते जीआरएनचं इथेही आहे, जीआरएन झाल्याशिवाय कोणी बटण दाबत नाही. माझी पार्टी तयार झाली ती मी परचेसऐवजी थेट फायनान्सला भेटलो तेव्हा. त्यांना सांगितलं, तुम्ही तुमच्या १२० व्या दिवशीच द्या पण कागदावर मला ४५ च्या आत मिळू दे, तुमचंही ऑडिट शांत.

ताळेबंद

@व्हीएमसी, शेवटच्या वाक्यात थोडी सावधगिरी. व्याज कोण सोसतंय ते पीओत स्पष्ट हवं. उशीर पार्टीचा आणि डिस्काउंट तुमच्या खिशातून असं नको. आणि लेथवाला, ट्रेड्सवर सोडलेलं बिल त्याच दिवशी स्टॉक स्टेटमेंटमधून वगळा, बँकेला आधी पत्र द्या. तुमची येणी बँकेकडे हायपोथिकेट (तारण) आहेत, एकाच बिलावर दोनदा पैसे उचलले असं कधीही दिसता कामा नये.

लेथवाला

दोन महिन्यांनी परत येतोय. बऱ्याच जणांनी विपूत (माझ्या विचारपूस पानावर) विचारलं म्हणून इथेच लिहितो.

सहा महिन्यांची स्टेटमेंट काढली. पासबुककाका म्हणाले तसंच, ९० दिवसांवरच्या बिलांमुळे डीपी कधी ४४ लाख, कधी ४१. म्हणजे लिमिट ९० केली असती तरी वापरता आली नसती आणि फ्लॅट मात्र अडकला असता.

परचेसवाला, तुमचं ऐकून दर सोमवारी स्टोअरला माणूस पाठवायला लागलो. सात बिलं नुसती जीआरएनसाठी पडून होती, त्यातली चार बिलं तर ट्रेड्सशिवायच सुटली. मग फायनान्सच्या मॅडमना भेटलो, तिसऱ्या भेटीत त्या तयार झाल्या. ४५ दिवसांपर्यंतचं व्याज माझं, त्यापुढचं त्यांचं, असं पीओत लिहून घेतलं. यासाठी ताळेबंदताईंचे आभार. बँकेला पत्र दिलं, मॅनेजर जरा नाराज झाले पण एनओसी दिली. सीजीटीएमएसईचा अर्जही लेखी दिलाय, उत्तर यायचंय.

पहिलं बिल ६ लाख १२ हजारांचं होतं, चौथ्या दिवशी पैसे आले. त्यातले आमच्या प्लेटिंगवाल्याचे दोन महिन्यांचे १ लाख ८५ हजार त्याच दुपारी आरटीजीएस केले. त्याचा फोन आला, चुकून दोनदा टाकलेत का म्हणून.

झिंक प्लेटिंग

वाचलं. एनओसीच्या पत्राचा मजकूर इथे टाकाल का, नावं काढून? आमच्या शेडशेजारच्या हीट ट्रीटमेंटवाल्याला हवाय.

लेथवाला

टाकतो संध्याकाळी, मशीनवर आहे.